फिट थांबल्यानंतरची तीन मिनिटं

घरात कुणाला फिट आली की एकजण कांदा शोधतो, दुसरा चप्पल. (दोन्हींचा काडीचा उपयोग नाही.) हातपाय शांत झाले की ‘झोपू द्या आता’ म्हणत मंडळी पांगतात. जिवाला धोका, क्वचितच असला तरी, या शांततेतच असतो.

फिटमध्ये मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम बेताल विद्युत संदेश सोडू लागतात. हृदयाच्या ठोक्यांवर लगामही मेंदूचाच, त्यामुळे बहुतेक झटक्यांत नाडी धावू लागते. कानशिलामागच्या भागातून उठणाऱ्या काही झटक्यांत उलटं होतं: मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू ब्रेक दाबतो आणि हृदय काही सेकंद चक्क थांबतं. बहुतेकदा ते आपोआप पुन्हा सुरू होतं.

मग माणसं दगावतात कशी? २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने याचा छडा लावला. तपासणीसाठी रुग्णालयात तारा लावून ठेवलेले काही रुग्ण फिटनंतर अचानक गेले होते. त्यांतल्या दहाजणांच्या श्वासाच्या आणि हृदयाच्या नोंदी हाताशी होत्या. सगळ्यांची गोष्ट सारखीच. सर्वांगाला झटके देणारी मोठी फिट, ती संपल्यावर जोरजोरात श्वास, आणि तीन मिनिटांच्या आत श्वास व हृदय दोन्ही ढासळायला लागलेली. शेवटी आधी श्वास कायमचा थांबला, हृदय त्यानंतर. क्वचित हृदयाची लय थेट बिघडूनही मृत्यू येतो, पण नेहमीची वाट ही दिसते.

अपस्मार असलेल्या साधारण हजार प्रौढांमागे वर्षाला एकजण असा जातो. बरेचदा रात्री, एकटा, पालथा झोपलेला. गोळी चुकवून फिट ओढवून घेणं म्हणूनच महागात पडतं. झटके थांबले की रुग्णाला कुशीवर वळवावं, तो नीट शुद्धीवर येईपर्यंत छाती हलतेय ना ते बघत शेजारी बसावं. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन.

कधीकधी तर मूळ दुखणं हृदयाचंच असतं. ‘लाँग क्यूटी’ या आनुवंशिक दोषात ठोक्यांची लय बिघडते, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो आणि हातपाय झटकतो. बघणाऱ्याला ती फिट वाटते, आणि वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात मेंदूच्या. पोहताना किंवा गजराच्या आवाजाने दचकून पडणाऱ्या मुलाचा ईसीजी काढलाच पाहिजे.