‘सिन्स फाइव्ह इयर्स’ कुठून येतं?

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग भरतो. रबाळे-महाप्याच्या कंपन्यांतून सुटलेली मुलं-मुली ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून उतरून साडेसातपर्यंत पोचतात. बहुतेक मराठी माध्यमातली. कुणाला रजेचा अर्ज नीट लिहायचा असतो, कुणाला साहेबांना पाठवायचा मेल. पहिल्या दिवशी मी स्वतःविषयी एक परिच्छेद लिहून घेते आणि दर बॅचला त्यात हे वाक्य हमखास सापडतं: ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स फाइव्ह इयर्स.’

एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या शाळांत शिकलेली माणसं नेमकी त्याच जागी अडखळतात. निष्काळजीपणाच्या चुका अशा ओळीने येत नाहीत. इथे काहीतरी नियम काम करतोय, आणि तो शोधायला लांब जावं लागत नाही. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. सुरुवातीचा क्षण असो की लोटलेला काळ, मराठीला एकच ‘पासून’ पुरतो. इंग्रजीने त्याची दोन घरं केलीत: क्षणाला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. शिवाय ‘मी राहतोय’ हा आपला वर्तमानकाळ पाच वर्षं मागे सहज पोचतो, इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन’ लागतं. म्हणजे मुलाने मराठीचं अतिशय शिस्तीत भाषांतर केलेलं असतं.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 साली एका निबंधात हाच विचार मांडला. घसरणं वेगळं आणि चुकणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. दमलेल्या माणसाकडून शब्द सुटतो, दाखवला की तो लगेच दुरुस्त करतो, ती घसरण. चूक मात्र पुन्हा पुन्हा त्याच रूपात येते, कारण शिकणाऱ्याच्या डोक्यात त्या घडीला तोच नियम असतो. 1972 मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी पुढचं पाऊल टाकलं. शिकणाऱ्याची भाषा ही अर्धवट इंग्रजी नसून मधली, स्वतःचे नियम असलेली भाषा आहे, असं ते म्हणाले. आपण तिला आंतरभाषा म्हणू.

माझ्या मते मराठी माणसाच्या आंतरभाषेतलं सगळ्यात सुंदर वाक्य म्हणजे ‘आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे’. ‘मी काल बँकेत गेलो’ आणि ‘मी काल बँकेत गेलो होतो’ यांतला फरक आपल्याला शाळेत कुणी शिकवलेला नसतो, तरी कळतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की जाऊन आलो, तो विषय संपला, हे ऐकणाऱ्याला समजतं. ‘होतो’ एवढं सांगतो, म्हणून आपण त्याच्या जागी ‘हॅड’ बसवतो. पण इंग्रजी ‘हॅड’ एकटा उभा राहत नाही. त्याला भूतकाळातली आणखी एक, नंतरची घटना लागते: बँक बंद झाली, त्याच्या आधी मी गेलो होतो. हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी हा वर्ग घेते. आपण मूर्ख नव्हतो, आपल्या डोक्यात कारण होतं, हे त्यांना पहिल्यांदा कुणीतरी सांगितलेलं असतं.

सगळ्याच चुका मात्र मराठीच्या माथी मारता येत नाहीत. ‘शी वर्क इन महापे’ घ्या. मी करते, तू करतेस, ती करते, त्या करतात: आपलं क्रियापद कर्त्याप्रमाणे किती रूपं बदलतं! मग इंग्रजीत ‘शी वर्क्स’मधला एवढासा ‘एस’ आपण का गाळतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या तीन मुलांचा अभ्यास मांडला. त्यांच्या बोलण्यातही ‘वर्किंग’मधला ‘आयएनजी’ लवकर आला आणि हा ‘एस’ बराच उशिरा. पुढच्याच वर्षी हायडी डुले आणि मरीना बर्ट या संशोधकांना स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांत एकमेकांशी बराच जुळणारा क्रम दिसला आणि त्यातही हा ‘एस’ मागेच होता. एक सरळ कारण असं की ‘शी’ म्हटल्यावर कोण काम करतंय ते कळलेलंच असतं. ‘एस’ नवीन काही सांगत नाही, बोलताना नीट ऐकूही येत नाही. मेंदू आधी कामाचा माल उचलतो. म्हणून या ‘एस’वरून मी कुणाला बोलत नाही. तो लिहून झाल्यावर, वेगळ्या वाचनात शोधायचा.

आता दुरुस्तीचं. वही लाल करून देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज. 1996 मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी लिहिलं की लेखनातली व्याकरणाची दुरुस्ती निरुपयोगी आहे, अपायकारकही आहे, ती बंदच करावी. 1999 मध्ये डॅना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं आणि वाद पेटला. त्यातून निघालेलं काम मला पटतं. 2007 मध्ये यंगही शीन यांनी प्रौढ विद्यार्थ्यांच्या लेखनात फक्त ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांच्या चुका दुरुस्त केल्या. त्या विद्यार्थ्यांची प्रगती झाली, आणि ज्यांना दुरुस्तीसोबत कारणही सांगितलं, त्यांच्यात ती अधिक टिकली. एका वेळी एकच प्रकार, आणि सोबत कारण.

उपपदं मराठीत नाहीत, पण त्यांचं काम आपण करतोच. गोष्ट सांगताना ‘एक बाई आली’ म्हणतो आणि पुढच्या वाक्यात ‘ती बाई म्हणाली’. जिथे मनात ‘एक’ येतो तिथे बहुधा ‘अ’, जिथे ‘तो, ती, ते’ लावता येतं तिथे ‘द’. सूर्यासारख्या एकमेव वस्तूंना ही युक्ती पुरत नाही, तरी रजेच्या अर्जाला पुष्कळ पुरते.

नुसतं दाखवून का भागत नाही, याचा सुंदर पुरावा एका डायरीत आहे. रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये पाच महिने पोर्तुगीज शिकले. त्यांनी डायरी ठेवली आणि सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासोबत आपल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासली. 1986 साली त्यांनी लिहिलं की लोक त्यांना कितीदा तरी सुधारत होते, पण आपल्याला सुधारलं जातंय हे जिथे लक्षातच आलं नाही, तिथे काही बदललं नाही. कानावर पडलेली जी रूपं त्यांनी स्वतः टिपली होती, बहुतेक तीच त्यांच्या बोलण्यात उतरली.

म्हणून मी आता बरोबर शब्द लिहून देत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्या समासात पेन्सिलीने फक्त एक टिंब देते. आठवड्याला एकच प्रकार. वही एक रात्र मिटून ठेवायची, मग शेवटच्या वाक्यापासून उलटं, मोठ्याने वाचायचं. उलटं अशासाठी, की अर्थाचा ओघ तुटला की डोळा शब्दांवर थांबतो.

गेल्या महिन्यात ऐरोलीला पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एका मुलीच्या अर्जावर मी तीन टिंबं दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. ‘सिन्स टू डेज’ खोडून ‘फॉर टू डेज’ केलं होतं, दुसऱ्या ओळीतही तसंच. तिसऱ्या टिंबावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, इथे ‘सिन्स मंडे’ आहे. सोमवार म्हणजे क्षण. हे बरोबर आहे ना?”

मी पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. टिंब मी खोडलं.