कांदा चांगला, पण भरवसा कुठंय?

धुळे जिल्ह्यात साक्री-पिंपळनेरकडं एप्रिलमध्ये गेलात तर घरोघरी चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, भरायचं काम चालू असतं, उन्हाळी कांदा नीट वाळवून ठेवला की चार-पाच महिने टिकतो, आणि त्याच्या तिखटपणामुळं दुबई, मलेशिया, श्रीलंकेत त्याला गिऱ्हाईक ठरलेलं. मालात आपण कुठंच कमी नाही, मार खातो तो भरवशात, आणि हे आजचं नाही.

पूर्वी कांद्याची निर्यात नाफेड या देशपातळीवरच्या सहकारी संस्थेच्याच हातात होती. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचे भाव गाजले, त्याच सुमारास चाकणला शेतकरी नेते शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरवला, मग १९९८ ला दिल्लीत कांदा महागला आणि सत्ताधारी विधानसभा हरले. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, शहरात भाव चढला की पहिला हात निर्यातीवर पडतो.

सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन सगळ्यांसमोर बोलल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय कांदा टाकू नको. इतकं मोठं गिऱ्हाईक, त्याला आधी कळवलंसुद्धा नाही! २०२० मध्ये तर जूनला वटहुकूम काढून कांदा जीवनावश्यक यादीतून काढला, म्हणजे सरकारचं बंधन सैल केलं, आणि १४ सप्टेंबरला परत बंदी. २०२३ ला ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात भाव, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचं नाही, ८ डिसेंबरला सरळ बंदी, ती उठली ४ मे २०२४ ला.

त्या डिसेंबरात मी मामांसोबत मार्केटला होतो. लाल कांदा, तो काही चाळीत टिकत नाही, ट्रॅक्टर रांगेत उभा आणि आदल्या दिवशीचा भाव कोणी बोलायलाच तयार नाही. मामा ट्रॉलीला टेकून म्हणाले, "आते हाऊ माल इकू का फेकू रे भाऊ?" मला काही बोलता आलं नाही.

आता जळगावकडं बघा, तिथं पांढरा कांदा सुकवून फ्लेक्स आणि पावडर बनते, कारखान्याशी करार आणि बराचसा माल परदेशात. पांढराच का, तर त्यात घनभाग जास्त, पाणी कमी, सुकवायला परवडतो. २०१९ आणि २०२० च्या बंदीत कापलेला आणि पावडर केलेला कांदा वगळलेला होता, म्हणजे एकाच खान्देशात एकाचा माल बोटीवर चढत होता आणि दुसऱ्याचा ट्रॉलीत सडत होता, फरक फक्त प्रक्रियेचा.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क शून्य झालं, चांगलंच झालं. पण गिऱ्हाईक तोवर थोडंच थांबतं? पाकिस्तान, चीन, इजिप्त माल द्यायला उभेच होते आणि बांगलादेशनं स्वतःच्या शेतात लागवड वाढवली. शुल्क गेल्यावरसुद्धा मामांनी भावाच्या आशेनं चाळ लवकर उघडली नाही, उघडली तेव्हा खालच्या थराला कोंब फुटले होते.