अडीच सेंटिमीटरांचा हिशेब

स्पोर्ट्‌स कारचं चाक आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यात चार बोटं मावतात, हे काही मालकांना बघवत नाही. मग मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या जातात, गाडी दोन-अडीच सेंटिमीटर खाली बसते आणि पहिल्याच वळणावर मालक खूश होऊन सांगतो, ‘आता कशी रस्त्याला चिकटून चालते!’ हा अनुभव बहुधा खराच असतो. श्रेय मात्र उंचीला दिलं जातं, आणि हिशेब चुकतो तो तिथे.

उंचीचा वाटा किती, ते आधी मोजू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. किती, ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. १४०० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर, चाकांमध्ये १५० सेंटिमीटर अंतर, आणि वळण इतकं जोरात की बाहेर ढकलणारं बळ गाडीच्या वजनाएवढं. सुमारे ४६७ किलो भार बाहेरच्या बाजूला जाईल. गाडी अडीच सेंटिमीटर खाली आणली तर ४४३ किलो. पाच टक्क्यांचा फरक, आणि तोही उदार हाताने मोजलेला. कारण चाकं, टायर आणि ब्रेक आहेत तिथेच राहतात, म्हणजे गुरुत्वमध्य पूर्ण अडीच सेंटिमीटर उतरत नाही. दुप्पट भाराला टायर दुप्पट पकड देत नाही, जरा कमीच देतो. म्हणून भार जितका सारखा वाटला जाईल तितकी एकूण पकड जास्त. फायदा आहेच, पण ड्रायव्हरला लगेच जाणवावा एवढा तो नाही.

जाणवतो तो स्प्रिंगचा कडकपणा. कारण खाली आणणाऱ्या स्प्रिंगा नुसत्या आखूड नसतात, मूळ स्प्रिंगांपेक्षा कडकही असतात. गाडी कमी कलते, स्टिअरिंग वळवल्यावर लगेच वळते, आणि ‘चिकटली’ असं वाटतं.

याचा एक उलटा दाखला इतिहासात आहे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची उंची १९७४ मध्ये अमेरिकी नियमांत बसावं म्हणून २५ मिलिमीटरने वाढवली गेली. वर जड रबरी बंपर आले, आणि खर्च वाचवायला काही काळ पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडाही, काढला. गाडी वळणावर झोकांड्या खाऊ लागली अशी तक्रार झाली. १९७७ च्या मॉडेलला पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटी-रोल बार मिळाले, तेव्हा ती बरीच सावरली. उंची मात्र वाढलेलीच राहिली होती.

आता खुद्द स्प्रिंगकडे येऊ. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये आपला नियम अक्षरं उलटसुलट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल केली: जितका ताण, तितकं बळ. शास्त्रज्ञांनाही आपला शोध कोणी पळवील ही धास्ती असायचीच. त्याच नियमावर आपला हिशेब उभा आहे. समजा, एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर ३०० किलोचा भार आहे आणि दर ३ किलोंना ती १ मिलिमीटर दबते. म्हणजे गाडी नुसती उभी असताना ती १० सेंटिमीटर दबलेली असते. आता २० टक्के अधिक कडक स्प्रिंग घाला. तिला १ मिलिमीटर दबायला ३.६ किलो लागतात, म्हणून त्याच भाराखाली ती ८.३ सेंटिमीटरच दबेल. मोकळी लांबी तीच ठेवली तर गाडी १.७ सेंटिमीटर वर चढेल! नुसती कडक स्प्रिंग गाडी उंच करते. अडीच सेंटिमीटर खाली यायचं तर स्प्रिंग मूळ लांबीपेक्षा ४.२ सेंटिमीटर आखूड हवी.

इथून पुढची अडचण गाडी जॅकवर उचलल्यावर दिसते. चाक खाली लोंबकळतं ते शॉक अब्सॉर्बर पूर्ण ताणला जाईपर्यंत. समजा, पूर्वी ते ८ सेंटिमीटर खाली जायचं. स्प्रिंग १० सेंटिमीटर दबलेली असल्यामुळे तेव्हाही तिच्यात २ सेंटिमीटरांचा दाब उरायचा, ती जागेवर घट्ट बसलेली असायची. आता गाडी खाली आल्यामुळे चाकाला १०.५ सेंटिमीटर खाली जायला वाव आहे आणि स्प्रिंगमध्ये दाब आहे फक्त ८.३ सेंटिमीटरांचा. शेवटचे दोन सेंटिमीटर ती सैल होऊन खुळखुळणार. रस्त्यावरून चाक उचललं गेलं आणि परत टेकलं की खाडकन आवाज, आणि स्प्रिंग आपल्या खोबणीतून सरकण्याची भीती वेगळीच.

चांगल्या स्प्रिंगेच्या एका टोकाचे वेढे दाट का असतात, ते आता कळेल. गाडी चाकांवर उभी राहिली की ते मऊ वेढे एकमेकांवर पूर्ण मिटून जातात आणि काम उरलेले वेढे करतात. चाक लोंबकळलं की तेच वेढे उलगडून सैलपणा भरून काढतात. दिसायला साधी वळवलेली तार, पण आखणी बारकाईची. तारेच्या जाडीचंच बघा: कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १२ मिलिमीटरची तार १२.५ मिलिमीटर केली की स्प्रिंग जवळपास १८ टक्के कडक होते.

मूळ स्प्रिंगेचा एक वेढा कापून टाकण्याचा स्वस्त उपाय अनेकांना सुचतो. गणितात तो अगदीच चुकीचा नाही. सहातला एक वेढा गेला की स्प्रिंग आखूडही होते आणि २० टक्के कडकही. पण कापलेलं टोक खोबणीत नीट बसत नाही आणि मघाचा सैलपणाही तसाच राहतो. स्प्रिंग तापवून खचवण्याच्या प्रकाराबद्दल तर बोलायलाच नको. पोलादाला दिलेलं पाणीच त्यात उतरतं.

सगळ्यात महागडी गोष्ट गमावली जाते ती वरच्या दिशेने. खड्ड्यावरून जाताना चाकाला वर सरकायला पूर्वी ८ सेंटिमीटर होते, आता साडेपाच उरले. तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी घट, असं वाटेल. पण स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साडेपाचात आठाच्या निम्मीही पचत नाही, ४७ टक्केच. तेवढाच धक्का पचवायचा तर स्प्रिंग दुपटीहून कडक करावी लागेल, आणि तशी गाडी रस्त्यावर रोज चालवणं नकोसं होईल. आपली स्प्रिंग २० टक्केच कडक आहे. उरलेला धक्का बम्प स्टॉपवर जातो, म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावरच्या त्या फोमच्या तुकड्यावर. त्याच्यावर गाडी वारंवार आपटू लागली की कितीही भारी स्प्रिंगा असल्या तरी उपयोग नाही. भर वळणावर गाडीच्या एका टोकाचा, म्हणजे पुढचा किंवा मागचा, बम्प स्टॉप टेकला तर त्या टोकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड अचानक सुटू शकते.

शॉक अब्सॉर्बर बदलावे का? २० टक्के कडक स्प्रिंगेला आवर घालायला साधारण ९ ते १० टक्के जास्त जोर लागतो, कारण तो वर्गमुळाने वाढतो. मूळचे धडधाकट असतील तर निभतं. जुने, थकलेले असतील तर गाडी डुलते.

आणखी एक गंमत, किंवा फजिती. वळणावर गाडीचं धड ज्या बिंदूभोवती कलतं त्याला रोल सेंटर म्हणतात. त्याची जागा चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यांच्या कोनावर ठरते. गाडी खाली आली की या दांड्यांची चाकाकडची टोकं तुलनेने वर जातात, आणि मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात बसवण्याची रचना) असलेल्या गाड्यांमध्ये रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. समजा, गुरुत्वमध्य ५० वरून ४७.५ वर आला आणि रोल सेंटर १० वरून ५ वर. दोघांमधलं अंतर ४० होतं, आता साडेबेचाळीस झालं. गाडीला कलवणारी तरफ लांबलीच! स्प्रिंगा कडक नसत्या तर खाली आणलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलली असती. थोडं खाली आणलं तर चालतं. खूप आणलं तर लांब बॉल जॉइंट (दांडा आणि चाक यांच्यातला गोलाकार सांधा) घालून दांड्यांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात.

गाडी खाली आणल्याने मिळणारा हवेचा फायदा रस्त्यावरच्या गाडीत किरकोळ असतो, शर्यतीत मात्र याच मिलिमीटरांसाठी डोकी लढली. १९८१ मध्ये फॉर्म्युला वनने गाडीखाली किमान ६ सेंटिमीटर जागा सक्तीची केली. पण मोजणी व्हायची गाडी उभी असताना. डिझायनर गॉर्डन मरे यांच्या ब्रॅबम या शर्यतीच्या गाडीची उंची मोजताना नियमात असायची आणि वेग वाढला की हवेच्या दाबाने ती आपोआप खाली बसायची. नेल्सन पिके त्या वर्षीचा विजेता ठरला तो याच ब्रॅबममधून.

स्प्रिंगा बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही बदलतो. सहसा विसरले जातात ते दांड्यांच्या सांध्यांतले रबरी बुश. हे रबर दांड्याबरोबर पिळवटतं, म्हणजे तीही एक छोटी स्प्रिंगच. गाडी हवेत उचललेली असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर चाक जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं आणि थोडा भार उचलून धरतं. मग मालक टेप लावून बघतो, तर गाडी अडीचऐवजी दीडच सेंटिमीटर उतरलेली. दोष स्प्रिंगेला जातो. बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करून दोनदा दाबायची, आणि मग आवळायचे.