एका अक्षराचा फरक : इन्जीनियस आणि इन्जेन्युअस

दिवाळीच्या सुट्टीत जळगावच्या घरी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाचा, डाव रंगला होता. पहिल्याच खेळीत मी 'इन' (in) हा दोन अक्षरी शब्द असा ठेवला की त्याचे दुसरे अक्षर पटाच्या मधल्या घरात आले. भाच्याने त्यापुढे आपल्या सातही सोंगट्या लावून 'इन्जीनियस' (ingenious) हा नऊ अक्षरी शब्द थेट उजव्या कडेच्या, शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या घरापर्यंत नेला. सात सोंगट्या एकदम लावल्याचे 50 गुण धरून त्याचे 83 झाले. मग त्याने विचारले, "मामा, सहाव्या जागी 'आय'ऐवजी 'यू' असता तर?"

तरीही 83च झाले असते. सहावे अक्षर गुण दुप्पट करणाऱ्या घरात पडले होते खरे, पण 'आय' आणि 'यू' या दोन्ही सोंगट्या एकेका गुणाच्याच आहेत. मात्र शब्द झाला असता 'इन्जेन्युअस' (ingenuous), आणि त्याचा अर्थ पार वेगळा आहे.

इन्जीनियस म्हणजे कल्पक, डोके लढवून वाट काढणारा. हे विशेषण माणसाला लागते तसेच वस्तूलाही लागते : मोडक्या सायकलचे चाक आणि हँडल वापरून कपाशीसाठी कोळपे तयार करणारा शेतकरी इन्जीनियस, आणि ते कोळपेही. इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, पोटात एक आणि ओठात एक असे नसलेला. भरताची वांगी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला "ही कालची आहेत" असे न विचारता सांगून टाकणारी भाजीवाली इन्जेन्युअस होय. अहिराणीतला 'भोया' (भोळा) हा शब्द मला तिच्यासाठी सर्वांत जवळचा वाटतो, कारण इंग्रजी शब्दालाही भाबडेपणाची तशीच हलकी छटा आहे.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले. पहिल्याच्या मागे उपजत बुद्धी या अर्थाचा शब्द आहे, तर दुसऱ्याच्या मागे गुलाम नसलेल्या, स्वतंत्र कुळात जन्मलेल्या माणसासाठीचा. अशा माणसाला मोकळेपणाने बोलणे शोभते, या समजुतीतून आजचा अर्थ आला. दोहोंच्या मुळाशी जन्म देण्याचा धातू आहे आणि आपल्या 'जन्म' शब्दातला 'जन्' त्याचाच सगोत्र आहे. घोळ वाढवला तो 'इन्जेन्युइटी' (ingenuity) या नामाने : रूपाने ते भोळ्याचे, पण आज अर्थ देते कल्पकतेचा.

खेळणाऱ्याने सोंगट्यांचा हिशेबही ठेवावा. शंभर सोंगट्यांत 'आय' 9 आहेत आणि 'यू' फक्त 4, त्यांतल्या दोन एकट्या 'इन्जेन्युअस'ला लागतात. भोळेपणाचे सोंग घेणाऱ्यासाठी 'डिसइन्जेन्युअस' (disingenuous) हा 12 अक्षरी शब्द आहे आणि तो पटावर मावतो. त्याचे 'डिसइन्जेन्युअसनेस' (disingenuousness) हे नाम मात्र 16 अक्षरांचे आहे, आणि पटाच्या एका ओळीत घरे 15.