सारखाच वेग, तरी तीस मीटरचा फरक

गोल्फमध्ये हल्ली रडार लावून फटके मोजतात. क्लबचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, डोकं चेंडूवर आदळलं तेव्हा त्याचा वेग किती होता, चेंडू किती वेगाने आणि किती अंशांत सुटला, हवेत स्वतःभोवती किती गरगरला, हे सगळं लगेच आकड्यांत दिसतं. त्यातली एक जोडी मला फार बोलकी वाटते. हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा, सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. अमेरिकेच्या एलपीजीए दौऱ्यावर खेळणाऱ्या व्यावसायिक महिलांचा सरासरी वेगही जवळपास तेवढाच. तरी हौशी पुरुषाचा चेंडू घरंगळून थांबेपर्यंत १९५ मीटरच्या आसपास जातो, आणि या महिलांचा २३० मीटरच्या घरात. हातातल्या क्लबचा वेग सारखा असताना हे तीस-पस्तीस मीटर येतात कुठून?

सुरुवात टकरीपासून करू. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात ४६ ग्रॅमचा चेंडू चेपतो, पुन्हा फुगतो आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरने सुटतो. या अवधीत त्याच्यावर सरासरी सुमारे सहाशे किलो वजनाइतका जोर असतो. क्लबपेक्षा चेंडू वेगाने सुटतो, कारण क्लबचं डोकं सुमारे २०० ग्रॅमचं, म्हणजे चेंडूच्या चौपटीहून जड असतं, आणि टक्कर बरीच लवचीक असते. ही लवचीकता किती असावी यावर खेळाच्या नियमांनी मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेत राहून गणित मांडलं, तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपट होतो.

मग डोकं आणखी जड केलं तर? हा प्रश्न कुणालाही पडेल. ते दुप्पट, म्हणजे ४०० ग्रॅमचं केलं, तर दीडपटीच्या जागी सुमारे १.६४ पट वेग मिळेल. फायदा दहा टक्क्यांचा. पण तेवढं ओझं पूर्वीच्याच वेगाने फिरवणं माणसाला जमत नाही, आणि मिळालेला फायदा तिथेच संपतो. दोनशे ग्रॅमचा आकडा याच तडजोडीतून स्थिरावला आहे.

ही दीडपट मिळते ती चेंडू फळीच्या, म्हणजे डोक्याच्या सपाट पुढच्या बाजूच्या, मधोमध लागला तर. चेंडू टोकाकडे किंवा दांड्याजवळच्या टाचेकडे लागला की क्लबचं डोकं टकरीतच किंचित वळतं आणि ऊर्जेचा काही भाग त्या वळण्यात जातो. समजा दीडपटीच्या जवळचा १.४८ हा गुणक घसरून १.४ झाला. आता १५० च्या वेगाने मारलेला असा फटका आणि १४२ च्या वेगाने मधोमध बसलेला फटका, दोन्हींत चेंडू ताशी २१० किलोमीटरनेच सुटतो. आठ किलोमीटरचा वेग कमावण्यासाठी माणूस महिनोन्‌महिने व्यायामशाळेत घाम गाळतो, आणि तेवढाच वेग बोटभर चुकलेल्या जागेपायी घालवतो. आपला फटका कुठे बसतो हे पाहायला फळीवर पायाला लावायची पावडर फवारतात. मारून झाल्यावर पांढऱ्या थरावर चेंडूचा गोल ठसा उमटलेला असतो. नवख्याच्या दहा फटक्यांचे ठसे फळीभर विखुरलेले दिसतात आणि मुरलेल्या खेळाडूचे एकमेकांवर चढलेले. माझ्या मते शिकणाऱ्याने वेग मोजण्याआधी हे ठसे पाहावेत.

दुसरा हिशेब हवेतला. चेंडू उडतो तो उलटा फिरत, म्हणजे वरची बाजू मागे येत. या फिरण्यामुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वर उचल मिळते. एडिनबरो विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे नीट मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नावाजलेला गोल्फर, १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता. त्यामुळे घरातच अभ्यासाचा विषय तयार होता. जोरदार ड्राइव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हरने मारलेल्या लांब फटक्यात, सुरुवातीला ही उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त भरते आणि चेंडूची वाट काही काळ वरच्या बाजूला वाकते. अंगावरचे खळगे हवेचा विरोध निम्म्यावर आणतात. गुळगुळीत चेंडू याच फटक्यात जेमतेम अर्ध्या अंतरापर्यंत पोचेल.

मात्र फिरकी प्रमाणातच हवी. ती जास्त झाली की चेंडू नुसता उंच चढतो, पुढचा वेग गमावतो आणि उभाच खाली येतो. हौशी पुरुषाच्या चेंडूची फिरकी मिनिटाला सव्वातीन हजार फेऱ्यांच्या आसपास, तर एलपीजीएच्या खेळाडूंची सव्वीसशेच्या आसपास असते. हौशी खेळाडू चेंडूवर वरून खाली येत घाव घालतो. या महिलांचा क्लब सर्वांत खालचा बिंदू ओलांडून वर चढू लागला की टीवरच्या, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवरच्या, चेंडूला भेटतो. चेंडू चढ्या कोनाने सुटतो आणि फिरकी बेताची राहते. फळीच्या मध्यापासून थोडा वर लागलेला चेंडू तर आणखी कमी फिरतो. सगळा फरक काही अंशांचा आणि काही मिलिमीटरचा, पण ते तीस मीटर बहुतेक इथेच आणि आधीच्या टकरीत आहेत.

याचा अर्थ वेग गौण आहे असा कुणी काढू नये. पीजीए दौऱ्यावरचे व्यावसायिक पुरुष सरासरी ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेगाने क्लब फिरवतात आणि चेंडू हवेतूनच २५० मीटरच्या पुढे नेतात. फटका चांगला बसत असेल तर ताशी एक किलोमीटर वेग वाढल्यावर साधारण दीड मीटर अंतर वाढतं. त्यांच्यातल्या ब्रायसन डिशॅम्बोने २०२० मध्ये शरीर कमावून वेग वाढवला आणि त्याच वर्षी गोल्फची यूएस ओपन स्पर्धा जिंकली. उलट बाजूला आपली अदिती अशोक आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे ड्राइव्ह सोबतच्या खेळाडूंपेक्षा आखूड पडत होते, तरी ती चौथी आली आणि तिचं पदक फक्त एका फटक्याने हुकलं.

वेग तयार होतो तो दंडात, असं पुष्कळांना वाटतं. तो खरा कसा तयार होतो हे कोकणातल्या माणसाने खाडीवर पाहिलेलं असतं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकणारा माणूस आठवा. दोरी मनगटाला, जाळ्याचा घोळ अर्धा खांद्यावर, अर्धा हातात. तो कमरेतून मागे वळतो. परत फिरताना आधी पाय रोवले जातात, मग कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, त्याच्यामागून हात, आणि बोटं सुटतात सगळ्यांच्या शेवटी. काठाच्या शिशाच्या गोळ्या बाहेर फेकल्या जातात आणि पाग गोल उघडून पाण्यावर बसतो. सत्तरीकडे झुकलेला, काटकुळा माणूस हे सहज करतो. अंगाने दांडगा पण नवखा मुलगा हातानेच झटका देतो, आणि त्याचं जाळं गोळा होऊन पडतं.

गोल्फच्या स्विंगमध्येही, म्हणजे क्लब फिरवण्याच्या हालचालीतही, हाच क्रम असतो. क्लब खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात आधी कंबर आपला सर्वोच्च वेग गाठून मंदावते, मग छाती, मग हात, आणि प्रत्येक भाग मंदावताना आपली ऊर्जा पुढच्याकडे सोपवतो. १९६० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी या हालचालीसाठी एकाला एक जोडलेल्या दोन लंबकांचं प्रारूप मांडलं. हात हा वरचा लंबक, क्लब हा खालचा, आणि मनगट म्हणजे मधली बिजागरी. ही बिजागरी सुरुवातीला जवळपास काटकोनात मुडपलेली राहिली पाहिजे. ती उशिरा उघडली की हातांचा वेग क्लबच्या डोक्यात उतरतो. उतावळा खेळाडू वरूनच मनगट उघडतो, त्यामुळे क्लबचा सर्वांत मोठा वेग चेंडूच्या आधीच येऊन जातो. मूठ गच्च आवळणारा तर बिजागरीच जाम करतो. पाव सेकंदात चूक ओळखून सुधारायला मेंदूला सवड नसते, म्हणून हा क्रम आधी सावकाश घोटून अंगात मुरवावा लागतो.

आता आपल्या किनाऱ्याची हवा. मैदानं इथे थोडीच, रायगड जिल्ह्यात खारघरला सिडकोचं आहे. पण हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, पुळणीमागच्या वालुकामय गवताळ पट्ट्यांवर, त्यामुळे समुद्राची हवा त्याला परकी नाही. दमट हवा जड असते आणि चेंडू अडवते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, म्हणून त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेहून हलकी भरते. ३० अंश सेल्सिअसला अगदी ओलीचिंब हवा आणि अगदी कोरडी हवा यांच्या घनतेत दीड टक्क्याचा फरक पडतो. उंचीचा परिणाम त्याहून मोठा आहे. ५६० मीटरवरच्या पुण्यात हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते, त्यामुळे तिथे तोच फटका काही मीटर लांब जातो. पावसाळ्यात अंतर घटतं त्याला मुख्यतः जमीन कारण असते. ओल्या मातीत चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळणं जवळपास संपतं.

खरा फरक वारा पाडतो. सकाळी मतलई वारा मंद असतो, दुपारी जमीन तापली की खारा वारा जोर धरतो. समोरून येणारा वारा जेवढं अंतर खातो, तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही. समोरच्या वाऱ्यात हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, शिवाय फिरकीची उचलही वाढते आणि चेंडू वर चढून जागीच लटकल्यासारखा होतो. अशा वेळी माणूस सगळा जोर लावून मारायला जातो. त्यात क्रम बिघडतो, चेंडू मधोमध लागत नाही, आणि लागलाच तर वाढलेल्या वेगाबरोबर फिरकीही वाढते. जाणते खेळाडू खाऱ्या वाऱ्यासमोर टी थोडी खाली दाबतात, स्विंग आटोपशीर ठेवतात आणि चेंडू बुटका जाऊ देतात. सकाळी केलेल्या अंतराची अपेक्षा ते दुपारी धरत नाहीत.