रमजानमध्ये जन्मलेलं कार्टून

'उपिन आणि इपिन' ही मलय भाषेतली मुलांची मालिका सप्टेंबर २००७ मध्ये, ऐन रमजानमध्ये, मलेशियाच्या टीव्ही९ वाहिनीवर सुरू झाली. लेस कोपाक ही नवी कंपनी तेव्हा एका चित्रपटावर काम करत होती. त्यातली पात्रं लोकांना रुचतात का, हे अजमावण्यासाठी तिने सहा छोटे भाग काढले. विषय साधा होता : आजी आणि ताईकडे वाढणारी पाच वर्षांची जुळी भावंडं आयुष्यातला पहिला रोजा धरायचा प्रयत्न करतात. म्हणजे मालिकेचं पहिलं कथानकच भुकेचं होतं. पुढे या मालिकेत जेवण इतकं का डोकावतं, याचं मूळ मला इथेच दिसतं.

मलय ॲनिमेशन त्याआधीही होतं. सांग कांचिल या धूर्त पिसोरीची (हरणासारख्या चिमुकल्या प्राण्याची) लोककथा सांगणारा लघुपट १९८३ मध्ये प्रदर्शित झाला आणि १९९५ मध्ये 'उसोप सोन्तोरियन' ही मालिका आली. कांपुंग, म्हणजे मलय खेडं, हीच या गोष्टींची आवडती जागा. व्यंगचित्रकार लात यांनी १९७९ च्या आपल्या चित्रपुस्तकात मलेशियाच्या पेराक राज्यातलं बालपण रेखाटलं, तेव्हापासून ते खेडं वाचकांच्या मनात घर करून होतं.

उपिन-इपिनचं गाव मात्र केवळ मलय लोकांचं नाही. मेई मेई चिनी, जरजित सिंग शीख, टपरीवाले मुथू तमिळ. ब्रिटिश अमलात कथिलाच्या खाणींवर आणि रबराच्या मळ्यांवर चीनमधून आणि भारतातून मजूर आले, त्यातून हा समाज घडला. तो खरा एकत्र दिसतो खाण्याच्या टपरीवर. माईल नावाचा मुलगा तळलेली कोंबडी 'एका रिंगिटला (मलेशियाच्या चलनात) दोन' ओरडत विकतो, आणि ती खाण्यासाठी इपिनचा जीव टांगणीला लागलेला असतो.

ईदचे पदार्थ मात्र वेळ मागणारे. केतुपातसाठी माडाच्या कोवळ्या झावळ्यांची चौकोनी पुडी विणतात, तांदूळ अर्धवटच भरतात आणि तासन्‌तास उकळतात. भात फुगून घट्ट वडी होते. लेमांगसाठी बांबूच्या नळीत आतून केळीचं पान लावून चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध घालतात, मग विस्तवाशेजारी उभी करून फिरवत राहतात. सोबत रेन्दांग हा मांसाचा पदार्थ. त्यात भाजून बारीक वाटलेलं खोबरं पडतं, आपल्या वाटपासारखंच, आणि रस्सा आटून मसाला मांसाला चिकटेपर्यंत ते शिजतं. पेराकचं रेन्दांग तोक जवळपास कोरडं, तर नगरी सेम्बिलानचं झणझणीत मिरचीचं. पूर्व किनाऱ्यावर कलांतानमध्ये गोकर्णाच्या फुलांनी भात निळा करतात, तो नासी केराबू. ही कामं एकट्याने उरकणारी नव्हेत, म्हणूनच त्यांत गोष्टी सापडतात.

दोदोल तर आपल्याही ओळखीचं. मलेशियात मोठ्या कढईत आळीपाळीने ढवळतात ते तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ. गोव्यात नाताळला होतं तेही याच तिघांचं. हा दुवा बहुधा पोर्तुगीजांचा : त्यांचा सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलय किनाऱ्यावरचं मलाक्का बंदर घेतलं. पुढे १६४१ पर्यंत पोर्तुगीज मलाक्काचा कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता.

उपिन-इपिनच्या मूळ चमूतल्या काहींनी २००९ मध्ये ॲनिमोन्स्टा स्टुडिओ काढला आणि २०११ मध्ये 'बोबोईबॉय' आणलं. त्यात परग्रहावरचे शत्रू आहेत, महाशक्ती आहेत. पण नायकाचे आजोबा कोकोच्या पेयांची छोटी टपरी चालवतात आणि सगळी मुलं तिथेच जमतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात), रोती चनाई (पराठ्यासारखी रोटी) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) यांच्यासह मलेशियाच्या न्याहारीच्या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं, तेही तिथे सगळ्या समाजांची माणसं एकत्र बसून खातात म्हणून. या कार्टूनांनी ते मुलांना आधीच दाखवलं होतं.