कापसाची प्रत : ग्रेडरच्या बोटांपासून मायक्रोनेअरपर्यंत

खरेदी केंद्रावर नंबर लागला की ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, मॉइश्चर मीटरची (ओलावा मोजणाऱ्या यंत्राची) दांडी कापसात खुपसतो. ८ टक्के ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. विदर्भातल्या कास्तकाराची कापूस तपासणाऱ्या यंत्राशी ओळख बहुधा एवढीच. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तपासणारी प्रयोगशाळा मात्र आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच उभी राहिली.

प्रतीचं भांडण त्याहून जुनं. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या मालाला अचानक भाव आला. भाव आला तशी भेसळही आली. १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदाच करावा लागला. पारख तरीही बोटांवरच होती. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची. तंतू सरळ झाले की लांबीचा अदमास डोळ्यांनी घ्यायचा आणि तोडताना हाताला बसणाऱ्या झटक्यावरून ताकद ओळखायची. मुरलेला ग्रेडर यात क्वचितच चुकतो, हे कबूल करावंच लागेल.

पुढच्या काळात हिंगणघाटची लांब धाग्याची ‘बनी’ ही जात मागे पडली. आखूड, जाड्याभरड्या रोझियम जातीचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, जास्त होता आणि बाजार लांबीचे वेगळे पैसे देत नव्हता. मग कास्तकारानं उतारा पाहून पेरलं, त्यात त्याचं काय चुकलं?

१९२१ मध्ये केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली आणि १९२४ मध्ये माटुंग्याला तिची प्रयोगशाळा. तीच आजची ‘सिरकॉट’, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. जिनिंगचं, म्हणजे सरकी वेगळी करण्याचं, तिचं प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पुढे मायक्रोनेअर आलं. ठरलेल्या वजनाची रुई एका नळकांड्यात दाबायची आणि तिच्यातून हवा सोडायची. तंतू बारीक तेवढी हवा अडते, त्यावरून तंतूच्या बारीकपणाचा आकडा निघतो, त्यालाही मायक्रोनेअरच म्हणतात. एचव्हीआय (हाय व्हॉल्यूम इन्स्ट्रुमेंट) यंत्र तर लांबी, ताकद, रंग, कचरा सगळंच झटपट सांगतं.

अडचण अशी की एचव्हीआयला सरकी काढलेली रुई लागते, तीही ६५ टक्के आर्द्रतेच्या थंड खोलीत मुरवलेली. म्हणजे यंत्राचा खरा उपयोग रुईची गाठ बांधल्यावर, जिनवाला आणि गिरणी यांच्यात. हमीभावाच्या लांब धाग्याच्या कापसासाठी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर हे निकष कागदावर आहेत; आवारात उभ्या गाडीपाशी त्यांचा निवाडा बहुधा नजर आणि बोटंच करतात.

उरलं मॉइश्चर मीटर. ओल्या कापसातून वीज सहज वाहते, एवढ्यावर ते चालतं. त्यामुळे दांडी कुठे खुपसली आणि कापूस किती दाबलेला होता, यावर आकडा हलतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या मेटॅडोरमध्ये वर ९ दाखवलं, तळाशी १३. तळाला सकाळची, दवातली वेचणी होती. “गाडी त एकच हाय ना बापू?” मागच्या नंबरवाल्यानं विचारलं. ग्रेडरनं १३ लिहिलं.

दोन दिवस अंगणात ताडपत्रीवर कापूस पसरला. तिसऱ्या दिवशी त्याच मीटरवर ९ आलं. मेटॅडोरचं भाडं मात्र दोनदा भरलं.